यादीतील वास्तू

हैदराबादेतील वारसा-संवर्धन समितीच्या कार्याचे मूल्यमापन करू लागले म्हणजे तिच्या आयुधाचा विचार प्रथम करावा लागतो. नगररचनेच्या १९८१ च्या नियमावलीत १९९५ साली घातलेला तेरावा नियम हे ते आयुध. त्याअन्वये वास्तूंची यादी झाली आणि परवानगीवाचून त्या पाडणे निषिद्ध ठरले. २०१५ साली शासनाने तो नियमच वगळला! समितीचे सारे बळ शासनाच्या एका ओळीवर टांगलेले होते, हे तेव्हा अनेकांस उमगले.

२०१९ साली नव्या विधानभवनासाठी फख्रुल्मुल्क नवाबांचे इर्रम मंझिल पाडण्याचा बेत मंत्रिमंडळाने केला. सप्टेंबरात उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. प्रासाद वाचला खरा. पण त्याचे श्रेय समितीस देणे कठीण आहे. अर्ज घेऊन न्यायालयात गेले ते नागरिक.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. पाडू न देणे म्हणजेच जतन, अशी समजूत येथे रूढ झाली आहे. मुसीकाठचे उस्मानिया रुग्णालय पाहावे. व्हिन्सेंट एश याने रचलेल्या ह्या भव्य इमारतीवर हातोडा पडला नाही, आणि डागडुजीचा हातही पुरेसा फिरला नाही. २०२० च्या जुलैत आत पावसाचे पाणी शिरले, रुग्ण हलवावे लागले, जुन्या इमारतीस कुलूप लागले. जवळच कोठीची रेसिडेन्सी मात्र सावरली. तेथे जागतिक स्मारक निधीसारख्या बाहेरच्या संस्थांनी हात दिला. गवंडी आले, काम वर्षानुवर्षे चालले. समितीच्या कागदांत गवंड्यास कोठे जागा आहे, हे आम्ही अजून शोधीत आहोत.