सहिष्णुता आणि पंगत

गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभे राहिले की रस्त्यापलीकडे विल्सन कॉलेजची १८८९ सालची दगडी वास्तू दिसते. ती उभी राहण्यापूर्वी तीन दशके, १८५७ च्या पूर्वार्धात, याच किनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी छापला. मराठी वृत्तांत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' या नावाने, बुवांच्या निधनानंतर, १८७२ साली निघाला. आपल्या वाङ्मयेतिहासांत आणि प्रबोधनाच्या इतिहासांत या प्रसंगाकडे कौतुकाने पाहिले जाते. भिन्न श्रद्धांची माणसे हातघाईवर न येता श्रोत्यांसमक्ष प्रश्नोत्तरे करीत बोलली. आधुनिक महाराष्ट्रातील धार्मिक सहिष्णुतेचा हा एक प्रारंभ होय, असा त्या कौतुकाचा आशय असतो.

हे कौतुक निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या वर्षी उत्तरेत तलवारी उपसल्या गेल्या, त्या वर्षी मुंबईच्या किनाऱ्यावर ईश्वर, अवतार, पाप आणि मोक्ष यांचा निवाडा शब्दांनी करण्याचा प्रयत्न चालला होता, ही लहान गोष्ट नव्हे. बोवेन हा मिशनचे वेतन नाकारून एतद्देशीयांच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहिलेला मनुष्य होता. बुवांच्या निर्भयतेविषयीही दुमत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. या वादांत जे सहन केले जात होते ते काय होते? आणि त्या काळच्या मुंबईला जे सहन होत नव्हते, ते कोणते?

'सहिष्णुता' हा शब्दच याचे अर्धे उत्तर देतो. त्याच्या मुळाशी 'सह्' धातू आहे, म्हणजे सोसणे. आपण सोसतो ते नकोसे असलेले. आणि ज्याच्या हाती ते झुगारून देण्याची सत्ता असते, त्याच्याच सोसण्याला गुण म्हणतात. दुर्बलाच्या सोसण्याला कोणी सहिष्णुता म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. युरोपातही हा शब्द याच अर्थाने वाढला. इंग्लंडचा १६८९ चा सहिष्णुता कायदा प्रॉटेस्टंट मतभिन्नतेपुरता होता. कॅथलिक आणि त्रैक्य नाकारणारे त्याच्या बाहेरच राहिले. कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडली ती १८२९ साली, म्हणजे डॉ. जॉन विल्सन मुंबईत उतरले त्याच वर्षी. इकडे गोव्यात धर्मन्यायालय १८१२ पर्यंत चालू होते, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत दाखल झाले. ख्रिस्ती बांधवांना डिवचण्यासाठी आम्ही या तारखा देत नाही. सहिष्णुतेचा धडा आपल्याला देणारेही तो नुकताच, आणि अपुराच, शिकले होते, एवढेच यावरून ध्यानात यावे.

आता मुंबईच्या दोन प्रकरणांकडे वळू. १८३९ च्या मे महिन्यात धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी विल्सन यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात प्रक्षोभ उसळला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, पालकांनी मिशनच्या शाळेतून मुले काढून घेतली. चार वर्षांनी याहून बोलके प्रकरण घडले. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ साली ख्रिस्ती झाला आणि त्याचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपती त्याच्याबरोबर मिशनऱ्यांच्या घरी राहिला. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली, आणि अज्ञान म्हणून मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यात आला.

न्यायालयापुरते प्रकरण इथे संपले. शास्त्रापुरते ते इथे सुरू झाले. श्रीपतीने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी त्या मुलाचे मत काय, हे कोणी विचारीत नव्हते. त्याचा दोष इतकाच की तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला आणि तेथील अन्न त्याच्या पोटात गेले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष घेतला. सनातन पक्षाने तो मोडून काढण्यासाठी आकाशपाताळ एक केले, आणि खुद्द बाळशास्त्र्यांना त्याचा जाच सोसावा लागला. 'दर्पण'काराच्या धैर्याचे मोल आम्ही कमी करीत नाही. तथापि या वादात उभय पक्षांना एक गोष्ट मान्य होती. अन्नाने माणूस बाटतो. मतभेद होता तो बाटलेला माणूस शुद्ध होतो की नाही, एवढाच.

चौपाटीवर पुढे जे वाद झाले त्यांच्याशी हे प्रकरण ताडून पाहावे. त्रैक्य खरे की वेद खरे, यावर शेकडो लोकांसमोर तासन्‌तास बोलता येत होते; कोणाच्याही जातीला त्याने धक्का लागत नव्हता. एका मुलाच्या चार घासांनी मात्र सारे शहर ढवळून निघाले. मताच्या बाबतीत हिंदू समाज सहिष्णु आहे, हा दावा आपण वारंवार ऐकतो, आणि एका अर्थी तो खराही आहे. नास्तिक असा, एकेश्वरी असा, दगडाला शेंदूर फासा. पंगतीची रेघ ओलांडली नाही म्हणजे झाले. ही सहिष्णुता मताला मोकळीक देते, कारण त्या समाजाची घडी मतावर उभीच नाही.

हा भेद कळण्यासाठी शास्त्र्यांच्या सभेत जाण्याचीही गरज नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या सुताला अस्पृश्याची थुंकी लागेल, ही अडचण. त्या खात्यात पगार अधिक होता, हे सांगावयास नकोच. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला. त्या गिरणीत कोण कोणत्या देवाला भजतो, याची चौकशी कोणी केली नव्हती.

ख्रिस्ती श्रद्धेने या रेघेचे काय केले? इथे सरसकट निवाडा देणे अन्यायाचे होईल. त्याच नारायण शेषाद्रीने पुढे जालन्याजवळ बेथेल हे खेडे वसवून मांग समाजात आपले आयुष्य वेचले. ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाने एकोणिसाव्या शतकात मांगांमध्ये जाऊन राहावे, हे सहिष्णुतेच्या पुष्कळ पलीकडचे होते. दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. मराठी समीक्षेने या ग्रंथाचा विनोद, त्याची निरागस शैली, त्यातील संसारचित्रे यांची मनसोक्त वाखाणणी केली आहे. परंतु आमच्या मते त्याचा कणा आहे तो पाण्याच्या तांब्याचा. नवऱ्याच्या नव्या देवाशी लक्ष्मीबाईंचे भांडण फारसे नाही. त्यांचे सोवळे, त्यांची निराळी चूल आणि परक्या हातचे पाणी यांवर सारा झगडा आहे. आणि हे बंधन त्यांनी तोडले ते बाप्तिस्म्याच्या आधी, स्वतःच्या विचाराने. जात माणसाने केलेली आहे, हे उमगल्यावर. श्रद्धा बदलली म्हणून जात गेली, असे तिथे घडलेले नाही. जात गेल्यावर श्रद्धेला वाट मिळाली. मराठीतील धर्मांतराच्या साहित्यात इतके प्रांजळ पान दुसरे आम्हांस आढळले नाही.

पण व्यक्तींच्या या कहाण्यांवरून चर्चचे माप काढता येत नाही. दक्षिणेत कित्येक चर्चांतून जातवार बैठका आणि जातवार दफनभूमी टिकल्या. संवादाचे म्हणाल तर विल्सनपासून चालत आलेली एक खोड पुढेही गेली नाही. १९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषदेसाठी मुंबईस आले. अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी बृहदारण्यकोपनिषदातील प्रार्थना आदराने उद्धृत केली, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीचे आपले प्रसिद्ध निवेदन मंजूर केले. त्यात बौद्ध धम्माचाही गौरवाने उल्लेख आहे. शतकानुशतकांची भाषा सोडून चर्च इथवर आले, याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. तरी नागपूरच्या धम्मदीक्षेला अवघी आठ वर्षे झाली असताना, जिथे बाबासाहेबांचे राजगृह आहे त्या शहरात, भारताचा आवाज म्हणून पुन्हा उपनिषदच आठवावे, हे आम्हांस सूचक वाटते. मिशनरी वाद घालीत ते शास्त्र्यांशी. चर्चने समेट मांडला तोही शास्त्र्यांच्या वारशाशी. वाद असो वा सलोखा, समोर बसणारा वर्ग बदलत नाही.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार केला तो या बाजूने. ३० व ३१ मे १९३६ रोजी दादरच्या नायगाव येथे मुंबई इलाखा महार परिषद भरली. 'मुक्ती कोन पथे?' या तेथील भाषणात धर्मांतराचा विचार त्यांनी आध्यात्मिक आणि व्यावहारिक अशा दोन्ही अंगांनी मांडला. व्यवहाराची लाज बाळगली नाही. १९३८ च्या प्रारंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी दक्षिणेतील चर्चांमधील जातिभेद दाखविला, सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज समाज म्हणून लढला नाही हे सुनावले, आणि महार विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, याकडेही लक्ष वेधले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वाङ्मयाच्या पाचव्या खंडात ख्रिस्तीकरणावरचे त्यांचे विस्तृत विवेचन आहे. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ प्रामुख्याने वरच्या जातींनी उचलला, हा त्यांचा निष्कर्ष तिथे वाचावयास मिळतो. आमच्या काही लेखकांनी या विवेचनाचा उपयोग केवळ ख्रिस्ती धर्माला कमी लेखण्यासाठी केला. ते वाचन उथळ आहे. बाबासाहेबांची तक्रार चर्चच्या श्रद्धेविरुद्ध नव्हती. चर्चमध्ये आलेल्या अस्पृश्याला चर्चने वाऱ्यावर सोडले, ही ती तक्रार होती.

शिष्यवृत्तीचा तो मुद्दा अजून निकालात निघालेला नाही. कंपनी सरकारने १८५० साली एकविसाव्या क्रमांकाचा कायदा करून धर्म सोडल्यामुळे किंवा जातिबहिष्कारामुळे कोणाचाही मालमत्तेचा वा वारशाचा हक्क बुडणार नाही, असे ठरविले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १० ऑगस्ट १९५० रोजी, स्वतंत्र भारताच्या राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला, आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतर धर्म मानणाऱ्यास, पंजाबातील काही शीख जातींचा अपवाद वगळता, यादीबाहेर ठेवले. ज्याच्यापाशी वाडवडिलांची जमीन होती त्याच्या धर्मांतराला परकी सत्तेने संरक्षण दिले. ज्याच्यापाशी वाडवडिलांची केवळ अस्पृश्यता होती, त्याच्या धर्मांतरावर स्वकीयांनी दंड बसविला. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, हे कोण नाकारील? त्याची किंमत मात्र गिऱ्हाईक पाहून ठरते.

१९५६ साली सर्व शीख अनुसूचित जाती या आदेशात आल्या. बौद्ध आले ते १९९० साली. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ साली सूसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासचा एक चर्मकार उभा होता. रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्यांना सरकारने दिलेली टपरी त्याला, ख्रिस्ती म्हणून, नाकारण्यात आली होती. धर्मांतरानंतरही तीच हीनता नव्या समाजात तितक्याच तीव्रतेने टिकली आहे, असा पुरावा पुढे नाही, म्हणून तो हरला. जोडे शिवण्याचा त्याचा धंदा तोच होता, रस्ताही तोच होता. पुढे २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, आणि २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला.

त्रिपिटकातील उपाली गृहपतीची कथा आमच्या वाचकांस परिचित आहे. निर्ग्रंथांचा हा धनाढ्य उपासक भगवंतांना वादात जिंकावयास आला आणि त्यांचाच उपासक झाला. भगवंतांनी त्याला प्रथम नीट विचार करण्यास सांगितले. आणि तुझे घर आजवर निर्ग्रंथांचे पाणवठ्यासारखे आधारस्थान होते, तेव्हा त्यांना अन्नदान चालू ठेव, असे सांगितले. सिंह सेनापतीच्या बाबतीतही तेच घडले. धर्म बदलणाऱ्याला इथे मताची मोकळीक आहेच, पण लक्ष आहे ते भाकरीकडे. कोणाच्या मतांतरामुळे दुसऱ्याची चूल विझू नये, याकडे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखातला 'समवाय' हा शब्दही सोसण्याचा नाही, एकत्र येऊन परस्परांचे ऐकण्याचा आहे. 'सहिष्णुता' या शब्दाने त्याचे भाषांतर करणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

आणि इथे आम्हांस आमच्याच माणसांशी दोन शब्द बोलणे भाग आहे. अहमदनगरच्या बाजूने मुंबईत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे कित्येक आजे-पणजे आमच्याच महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून गेलेले आहेत. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्यांतील पुष्कळांनी अमेरिकन मराठी मिशनची वाट धरली. 'दुधाच्या भुकटीसाठी बाटलेले' हे त्यांच्याविषयीचे कुचेष्टेचे बोल आमच्या वस्त्यांतूनही ऐकू येतात. त्यांच्या मागणीचा विषय निघाला की आमच्यातले सुशिक्षितही म्हणतात, ख्रिस्ती धर्म जात मानीत नाही, मग त्यांना जातीच्या सवलती कशाला? दादरच्या चैत्यभूमीहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर १५९६ साली स्थापन झालेले पोर्तुगीज चर्च आहे. त्याच्या दारात जाऊन हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्याचा जन्म कुठला, ते आठवावे. १९५६ च्या ऑक्टोबरपासून १९९० पर्यंत, केंद्राच्या दारी जाणाऱ्या आमच्या प्रत्येक शिष्टमंडळाला, फक्त 'ख्रिस्ती' च्या जागी 'बौद्ध' घालून, हेच उत्तर मिळत होते.