बलवान भिडू, दुबळे सोंग : वगातला तोल

टेबलाभोवती पाच-सहा मित्र बसतात. प्रत्येकाजवळ एक कागद असतो. त्यावर त्याने घेतलेल्या सोंगाचे नाव, स्वभाव, ताकद, अक्कल, शस्त्रे हे सगळे आकड्यांत लिहिलेले असते. एक जण गोष्ट सांगतो, वाटेत संकटे उभी करतो आणि निवाडाही देतो. बाकीचे आपापल्या सोंगाच्या तोंडून बोलतात, आणि कृती साधली की फसली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने हा खेळ छापला. आता तो पुण्या-मुंबईतली आपली मुलेही खेळतात. बीड जिल्ह्यातल्या खेड्यात बसून या खेळाविषयी वाचताना मला कुतूहल वाटले ते खेळणाऱ्यांच्या तक्रारींचे.

या तक्रारी दोन प्रकारच्या आहेत. पहिली सोंगाबद्दलची : एखाद्याचे पात्र इतके बलवान होते की बाकीच्यांना करण्यासारखे काही उरत नाही. दुसरी माणसाबद्दलची : एखादा भिडू दुसऱ्याला बोलू देत नाही, नियमावरून हुज्जत घालतो, 'माझे पात्र असेच वागेल' असे म्हणून सगळ्यांचा विरस करतो. आपल्याकडे त्याला रडीचा डाव म्हणतात. जाणते खेळाडू नवख्यांना बजावतात की हे दोन आजार वेगळे आहेत. भिडूच्या खोडीची शिक्षा त्याच्या पात्राला देऊ नये, कारण त्याने खोड जात नाही.

सोंग घेऊन, संवाद आयत्या वेळी रचत, एकमेकांच्या आधाराने गोष्ट पुढे नेणे हे मराठी माणसाला नवे नाही. तमाशातला वग हेच करत आला. जुन्या वगाला लिखित संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला, बोलणे ज्याच्या त्याच्या हजरजबाबीपणावर. मग वरचे दोन्ही आजार फडालाही होणारच. त्यावर फडाने काय उपाय केला, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्याआधी महाभारताच्या सभापर्वात डोकावून येऊ, कारण बिघडलेल्या डावाचे इतके बारीक वर्णन दुसरीकडे सापडणे कठीण. दुर्योधन म्हणतो, पणाला लावायचे धन माझे, पण माझ्या वतीने फासे टाकील शकुनीमामा. युधिष्ठिर तिथेच हरकत घेतो, की एकासाठी दुसऱ्याने खेळणे मला विषम वाटते. 'विषम' हा मूळातलाच शब्द आहे. एकाचे वैभव आणि दुसऱ्याचे कसब एकाच पारड्यात पडते आहे, हे त्याला दिसले होते. दिसूनही तो खेळला. पुढे द्रौपदी सभेला प्रश्न विचारते : राजा आधी स्वतःला हरला की मला? वरवर हा खेळाच्या नियमाचा प्रश्न आहे. भीष्म धर्म सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळतात; विकर्ण बोलतो, त्याला कर्ण गप्प करतो. शेवटी धृतराष्ट्र वर देऊन सगळे परत करतो. पण भिडू तेच, सवयी त्याच. थोड्याच वेळात पुन्हा डाव मांडला जातो आणि पांडव वनात जातात.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीच्या या प्रश्नाला दोष दिला आहे. सभेत असा वाद घालणे त्यांना शहाणपणाचे वाटत नाही. इरावतीबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला हे पटत नाही. त्या सभेत डाव थांबवू शकेल असे तेवढे एकच वाक्य बोलले गेले. चूक प्रश्नाची नव्हती. त्याला उत्तर देणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही. डावाचा तोल प्रश्नावर टिकतो, पण प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन असेल तरच.

आता फडाकडे येऊ. गण झाला की गवळण लागते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण अडवतो आणि दाण मागतो. या कृष्णापेक्षा बलवान पात्र कुठून आणणार? तो साक्षात देव. पण तमाशाने त्याची ताकद कुठेही कमी केलेली नाही. त्याच्यासमोर फक्त एक मावशी उभी केली. ती पुरुषाने केलेली, म्हातारी, फटकळ. तिच्याजवळ ताकद कसलीच नाही; 'तू कोण, कुठला, दाण कशाचे मागतोस' असे विचारण्याची मुभा मात्र आहे, आणि देवाला तिला उत्तर द्यावे लागते. पात्राचे बळ न कापता त्याला जाब देण्याच्या बंधनात आणायचे, हा फडाचा पहिला उपाय.

दुसरा उपाय त्याहून मार्मिक आहे. फडातला सर्वांत बलवान भिडू म्हणजे सोंगाड्या. प्रेक्षक त्याच्यासाठी येतात, आयत्या वेळी सुचते त्यालाच. त्याला राजा केले, तर दुर्योधनाचे धन आणि शकुनीचे कसब एकत्र आल्यासारखेच होईल. म्हणून वगात त्याच्या वाट्याला हवालदार, नोकर, कुंभार अशी कामे येतात. 'गाढवाचं लग्न'मध्ये दादू इंदुरीकर सावळा कुंभार होत. कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'जहरी प्याला'तल्या हवालदारांच्या नावांवरून काळू-बाळू म्हणूनच ओळखले गेले. वसंत सबनीस यांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यातले दादा कोंडके कोतवालाची जागा हुकलेले हवालदार होते. जागा मिळते प्रधानाच्या मेव्हण्याला. सबनिसांची संहिता लिहिलेली होती, तरी कोंडके ताज्या घडामोडींवरच्या कोट्या तिच्यात घालत राहिले आणि नाटक मोडले नाही. कारण ज्याचे तोंड सर्वांत मोठे, त्याचे पद सर्वांत लहान होते. बलवान भिडूला दुबळे सोंग दिले की त्याची ताकद गोष्टीच्या कामी येते.

टेबलावरच्या खेळात नेमके उलटे घडते. ज्याला नियम पाठ, बोलण्यात जो पुढे, तोच आकड्यांची जुळवाजुळव करून सर्वांत बलवान पात्र बांधतो. खेळाडू आणि पात्र दोघांचे वजन एकाच बाजूला पडते. मग त्याच्या पात्राची ताकद कमी करा, त्याच्यापुढे आणखी मोठा राक्षस उभा करा, असे उपाय सुचवले जातात. ते धृतराष्ट्राच्या वरासारखे आहेत : आकडे बदलतात, भिडू बदलत नाही.

फडाचा उपाय तरी नेहमी चालतो का? नाही. ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यावर आमच्या भागात जत्रांचे दिवस येतात. अशा जत्रांतून मी पाहिले आहे की, सोंगाड्याला एकदा टाळ्यांची चटक लागली की बतावणी लांबत जाते आणि वग पहाटे घाईने गुंडाळला जातो. सोंग लहान असले तरी वेळ सगळा त्याचाच. फडावर याला आवर घालू शकतो तो सरदार. बतावणीत सोंगाड्याच्या प्रत्येक कोटीला सरदाराचा साधा, गंभीर प्रश्न लागतो. तो प्रश्न आला नाही की कोटी जमिनीवर पडते. चांगला सरदार सोंगाड्याला रागावत नाही, पुढचा प्रश्न विचारत नाही एवढेच. पण फड ज्याच्या नावावर चालतो त्याच्यापुढे सरदाराने तरी किती ताणायचे?

याहून गंभीर उणीव दुसरी आहे. देवाला जाब विचारणारी मावशी पुरुष होती. पूर्वी नाचणाराही पुरुषच असे, नाच्या पोऱ्या. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा उभी राहिली, पुढे अनेक बायका आल्या, फडांच्या मालकिणीही झाल्या. तरी गवळणींनी रांगेत उभे राहून नाचायचे आणि बोलायचे मावशीने, ही रचना फारशी हलली नाही. ज्यांची वाट अडवली होती, त्यांचा प्रश्न त्यांच्या वतीने दुसराच विचारत होता. एकासाठी दुसऱ्याने खेळणे विषम, हे युधिष्ठिराचे वाक्य इथेही लागू पडते.

आणि फडाबाहेरचे काय? तमाशा जगवला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. हवालदार राजाची फजिती करत असे तेव्हा समोर, पहिल्या रांगेत, गावचे पाटील-पुढारी बसलेले असत. राजाला विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत असे, म्हणून तर हशा पिकत असे. पण दौलतजादा देणाऱ्या त्या हाताने मर्यादा सोडली तर त्याला जाब विचारायला फडाजवळ मावशी नव्हती. सर्वांत त्रासदायक भिडू सोंगच घेत नव्हता, त्यामुळे वगाचा कोणताही नियम त्याला लागू होत नव्हता.

या ठिकाणी टेबलावरच्या खेळाने एक पाऊल पुढे टाकले आहे. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी रूढ केलेली एक रीत अनेक ठिकाणी पाळतात : टेबलाच्या मध्यभागी 'एक्स' लिहिलेले कार्ड ठेवायचे. गोष्टीतले काही असह्य झाले की कोणीही त्याला हात लावावा. तो भाग तिथेच सोडून पुढे जायचे. कारण सांगावे लागत नाही. द्रौपदीला जे सभेत वाद घालूनही मिळाले नाही, ते इथे नुसत्या बोटाने मिळते, आणि निवाडा देणाऱ्यावरही ते बंधनकारक असते.

तरीही वगाची शिकवण मला अधिक मोलाची वाटते. कार्ड डाव थांबवते. मावशी डाव रंगवते आणि तोलही सांभाळते. आपल्या समीक्षेने तमाशाकडे लावणीच्या अंगाने पुष्कळ पाहिले, वगाच्या या आतल्या घडणीकडे कमी. भिडूचे बळ आणि सोंगाचे बळ परस्परविरुद्ध ठेवायचे, हे न लिहिलेले शास्त्र फडांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले. ते नोंदवताना एवढे विचारायला हवे की बलवानाला दुबळे सोंग देणाऱ्या फडाने दुबळ्याला बलवान सोंग किती वेळा दिले. मावशीचे लुगडे पुरुषाला सहज नेसवले गेले. मावशीचे तोंड गवळणीला किती फडांनी दिले, हे शोधायचे काम अजून बाकी आहे.