‘बॉडीलाइन’ : खलनायकाची सोय

इतिहासावर नाट्य रचणाऱ्याला घटनांचा संक्षेप करण्याचा अधिकार आहे. भाषांतरकारालाही तो काही प्रमाणात असतो. परंतु मूळ अर्थ पालटण्याचा अधिकार दोघांनाही नाही. १९८४ साली ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवर आलेली ‘बॉडीलाइन’ ही नाट्यमालिका या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहे.

१९३० मध्ये ब्रॅडमनने इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींत ९७४ धावा काढल्या. त्याला रोखण्यासाठी कर्णधार डग्लस जार्डिनने १९३२-३३ च्या दौऱ्यात लारवुडकरवी फलंदाजाच्या अंगावर उसळते जलद चेंडू टाकविले आणि लेगच्या बाजूस झेल टिपणाऱ्यांचे कडे उभे केले. इंग्लंडने ४-१ असा विजय मिळविला. दोन देशांचे संबंध मात्र दुखावले. नाट्यमालिकेने हा संघर्ष मुख्यतः जार्डिन आणि ब्रॅडमन या दोन पुरुषांचा केला आहे. ह्यूगो वीव्हिंगने उभा केलेला ताठ, थंड जार्डिन प्रभावी आहे. आणि नेमका येथेच धोका आहे.

कारण जार्डिन निष्ठुर होता, तरी केवळ खल नव्हता. लेगच्या कड्यात उभे राहण्यास नकार देणाऱ्या पतौडींना, पहिल्याच कसोटीत शतक काढूनही, दुसऱ्या कसोटीनंतर संघाबाहेर बसावे लागले. पण १९३३ मध्ये मँचेस्टरला वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी तेच अस्त्र उलटविले, तेव्हा हाच जार्डिन अंगावर मारा झेलीत १२७ धावा करून गेला.

खरी शोकांतिका लारवुडची आहे. खाणकामगाराचा हा मुलगा धंदेवाईक खेळाडू. त्याने हुकूम पाळला आणि ३३ बळी मिळविले. पुढे माफीची मागणी झाली ती त्याच्याकडे. त्याने ती नाकारली आणि पुन्हा कसोटी खेळला नाही. आज्ञा देणारा जार्डिन मात्र १९३३-३४ मध्ये इंग्लंडचा संघ घेऊन आपल्या जन्मगावी, मुंबईस, आला. लारवुड १९५० मध्ये ऑस्ट्रेलियातच स्थायिक झाला. ज्यांना त्याने घायाळ केले, त्यांच्याच देशाने त्याला आसरा दिला.

म्हणजे येथील खरा भेद इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा नव्हे, मालक आणि चाकर यांचा आहे. एक खलनायक मिळाला की त्याला नेमणारी, त्याच्या विजयावर संतुष्ट होणारी आणि अखेर चाकराकडून क्षमा मागू पाहणारी संस्था निर्दोष सुटते. प्रेक्षकाचा रोष शमतो; इतिहासाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.