तसबीर कुणाची?

'संगीत संशयकल्लोळ'चा हौशी प्रयोग पाहायला आम्ही काही शिक्षक धुळ्याहून जळगावला निघालो, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "ते त्यांचे नाटक. तुम्ही उर्दूवाले तिथे काय करणार?" नाट्यसंगीत आपले नव्हे, असे आपल्यापैकी बरेच जण धरूनच चालतात.

गोविंद बल्लाळ देवलांनी मोलियरच्या प्रहसनाच्या आधाराने १८९३ साली हे नाटक लिहिले. मूळ नाव 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. पदे घालून गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगभूमीवर आणले. एक तसबीर भलत्याच हाती पडते आणि दोन जोडप्यांत शक शिरतो, एवढीच गोष्ट. (ही तसबीर म्हणजे आपली तस्वीरच.)

प्रयोगातला फाल्गुनराव आम्हांला फार आवडला. हशा मागायला तो एकदाही प्रेक्षकांकडे वळला नाही. बायकोवर संशय घेणारा नवरा आतून किती जळतो, ते त्याने खरे करून दाखवले, म्हणूनच हसू आले. कृत्तिकेच्या बोलण्यात मधूनच खानदेशी हेल डोकावत होता. तो खटकला नाही, उलट भांडण घरचे वाटले.

रेवतीचा गळा गोड होता, पण पदे रेकॉर्ड केलेल्या साथीवर म्हटली गेली. इथे प्रयोग बसला. नाट्यपदात गाणारी एखादी ओळ पुन्हा वळवून घेते, रुसवा तिथेच रंगतो. साथीदार तिच्यासाठी थांबतो. यंत्र थांबत नाही. त्यामुळे अश्विनशेठवर रागावलेली रेवती ताना उरकण्याच्याच घाईत दिसली. खर्चाची सबब आम्हांला पटत नाही. एवढ्याशा नाटकाला एक पेटी आणि एक तबला पुरतो.

आणि हे जळगावात घडावे! लहानग्या नारायण राजहंसाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, याच गावात मेहबूबखान यांनी गाणे शिकवले. १९१६ ची रेवती बालगंधर्वांचीच. पुढे त्यांच्या मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा बसले, सारंगीला कादरबक्ष. आमच्या सहकाऱ्याला उत्तर द्यायचे तर ही तीन नावे पुरेशी आहेत. मात्र आपल्या शाळांच्या संमेलनांत कव्वाली होते, तकरीर होते, पदांचे नाटक का होत नाही, याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागेल.

हा प्रयोग धुळ्यातही करण्याचा मंडळाचा विचार आहे म्हणतात. तबलजी हवा असेल तर आमच्या मोहल्ल्यात दोघे आहेत. कव्वालीला वाजवतात, ठेका पक्का आहे.