गंज काढा, काळेपण राहू द्या

रिस्टोरेशनचे व्हिडिओ मीही रात्री जागून पाहतो. आधी गंजलेला वस्तरा, मग पॉलिशपेपर आणि शेवटी आरशासारखं पातं. त्याच नादात मी आजोबांचा वस्तरा घासला. पातं चमकलं, पण त्यावरची बारीक अक्षरं पुसली गेली. तो कुठे घडला हे सांगणारं घरात दुसरं काहीच नव्हतं.

या व्हिडिओंवर माझा आक्षेप हाच, की ते दोन वेगळ्या गोष्टींना एकच घाण समजतात. लाल गंज भुसभुशीत असतो, ओल धरतो आणि पोलाद खात जातो. तो काढायलाच हवा. पण वर्षानुवर्षांत चढलेला काळसर थर घट्ट बसलेला असतो, खालच्या धातूला थोडंफार जपतो. तो घासून काढताना सोबत धातूही जातो.

घरची समई आपण चिंचेने घासतोच की, असं कुणी म्हणेल. खरंय. समई रोज पेटते, घासणं हा तिच्या वापराचाच भाग आहे. पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते आता वापरात नाहीत. ते लोकांनी कसे वापरले, हे त्यांच्या अंगावरच वाचायचं.

वस्तरा या दोन्हींच्या मधला. दाढी करायची तर धार लावा. त्यात कड आणि पाठीची बारीक रेघ तेवढी उजळते. गंजावर तेल लावून मऊ फडकं फिरवा. बाकीचं राहू द्या.

ऑफिसात कोड चुकला तर मी मागच्या आवृत्तीवर जातो. आजोबांच्या पात्याला ती सोय नव्हती.