'तुमच्या शेजाराविषयी सांगा' : एका धड्याची चिकित्सा

इंग्रजी संभाषण शिकविणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक धडा हमखास असतो. त्याचे नाव 'माय नेबरहूड' किंवा 'व्हेअर डू यू लिव्ह?' असे काहीतरी असते. दोन माणसे भेटतात. एक विचारतो, तू कुठे राहतोस, तुझा शेजार कसा आहे? दुसरा सांगतो, 'आय लिव्ह इन अ क्वाएट नेबरहूड. देअर इज अ पार्क निअर माय हाउस. माय नेबर्स आर व्हेरी फ्रेंडली.' शांत वस्ती, घराजवळ बाग, प्रेमळ शेजारी. मग 'निअर', 'नेक्स्ट टू', 'अपोझिट', 'बिहाइंड' ही शब्दयोगी अव्यये घोटून घेतली जातात आणि धडा संपतो.

गेली अनेक वर्षे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मी हा धडा शिकवीत आलो आहे. तो इतका साधा दिसतो की त्याची समीक्षा करावी असे कोणालाही वाटत नाही. आपण कादंबरीची समीक्षा करतो, कवितेची करतो, आत्मकथनांवर परिसंवाद भरवतो. परंतु आपली पोरे जे पुस्तक रोज मोठ्याने म्हणतात, आरशासमोर उभे राहून पाठ करतात, त्याकडे साहित्य म्हणून कोणी पाहत नाही. माझ्या मते ते पाहिले पाहिजे. कारण या धड्यातून विद्यार्थ्याला इंग्रजीबरोबर आणखी एक गोष्ट शिकविली जाते, आणि तिचा परिणाम कवितेपेक्षा खोल होतो.

एक प्रसंग सांगतो. माझा एक विद्यार्थी परदेशी शिक्षणाची तयारी करीत होता. सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर त्याची आशा होती. त्यासाठी 'आयेल्ट्स' नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार होती. या परीक्षेत तोंडी भाग अकरा ते चौदा मिनिटांचा असतो, आणि आरंभीच घर, गाव, शेजार असले घरगुती प्रश्न विचारले जातात. मी परीक्षक झालो आणि त्याला त्याच्या शेजाराविषयी विचारले. तो न अडखळता बोलला. त्याच्या बोलण्यात बाग आली, ग्रंथालय आले, संध्याकाळी फिरायला येणारी वृद्ध माणसे आली. मी त्याची वस्ती पाहिली आहे. गावाच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडे, चाळीसेक घरे. मध्ये विहार, त्यापुढे निळा झेंडा, एक हातपंप. पावसाळ्यात ओढा भरला की वस्तीचा गावाशी संबंध तुटतो.

मी विचारले, "यातलं तुझ्याकडं काय आहे रे?"

तो हसला. म्हणाला, "सर, खरं सांगायला गेलो की शब्द सापडत नाहीत. आणि मधेच थांबलो तर मार्क जातात."

त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. त्या परीक्षेत चार गोष्टींना गुण असतात : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. सांगितलेले खरे आहे की नाही, याला गुण नाहीत. परीक्षेच्या दृष्टीने ते योग्यच म्हणावे लागेल. भाषेच्या परीक्षेत कोणी पंचनामा करीत नाही. परंतु मुलाला खऱ्याचे शब्द का सापडले नाहीत? ते शब्द त्याला कोणी शिकविलेच नव्हते. बागेचे शब्द पुस्तकात होते, ओढ्यापलीकडचे नव्हते. 'निअर' आणि 'नेक्स्ट टू' शिकविताना 'आउटसाइड' हा शब्द पेटीच्या बाहेर, पावसाच्या बाहेर एवढ्यापुरताच आला. गावाच्या बाहेर राहणारी माणसे असतात, हे त्या धड्याच्या लेखकाच्या ध्यानीमनी नव्हते.

इथे कोणी म्हणेल, मग मराठी बरी. मराठीत तरी आपल्या वस्तीला शब्द आहे. शब्द आहेत, आणि भरपूर आहेत. आळी, पेठ, गल्ली, वाडा. आणि वाड्यापुढे जात. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. पत्ता सांगितला की जात सांगून झाली. मराठीत 'शेजारधर्म' असा एक गोड शब्दही आहे. साखर उसनी द्यावी, दुखण्याखुपण्याला धावून जावे, असा त्याचा अर्थ. परंतु ज्याचा शेजार वेशीने तोडला होता, ज्याच्या हातची वाटी घेतली जात नव्हती, त्याच्यासाठी हा धर्म कधी लागू झाला? शेजारधर्माच्या मर्यादेबाहेर किती माणसे ठेवली गेली, याचा हिशेब त्या शब्दात नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच. पण त्याच्या कितीतरी आधी, १९५६ च्या धर्मांतरानंतर, अनेक वस्त्यांनी स्वतःच सिद्धार्थनगर, पंचशीलनगर, भीमनगर ही नावे धारण केली होती. आणि अनुभव असा की 'भीमनगर' म्हटले तरी ऐकणाऱ्याला जे कळायचे ते कळतेच. नाव बदलले; जागा ओढ्यापलीकडेच राहिली.

तेव्हा मराठी निष्पाप आणि इंग्रजी परकी, अशी वाटणी मला मान्य नाही. तशीच इंग्रजी मुक्तिदात्री आणि मराठी तुरुंग, ही वाटणीही मान्य नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. परंतु इंग्रजीतला 'नेबरहूड' हा शब्दसुद्धा रक्ताने माखलेला आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. निग्रो साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ झाली. त्याच परंपरेतले एक उदाहरण मी येथे घेतो.

लोरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय लेखिकेचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आले. शिकागोच्या एका कोंदट घरात यंगर कुटुंब राहते. वडिलांच्या मृत्यूनंतर विम्याचे दहा हजार डॉलर येतात, आणि आई त्यांतून गोऱ्या वस्तीत घर घेण्याचे ठरविते. घर बदलण्याच्या दिवशी त्या वस्तीच्या संघटनेचा प्रतिनिधी, लिंडनर, दाराशी येतो. तो शिव्या देत नाही. आवाज चढवीत नाही. स्वागत समितीचा माणूस म्हणून येतो, अदबीने बसतो, शेजारी, समजूतदारपणा, समान पार्श्वभूमी अशा शब्दांत बोलतो, आणि शेवटी सांगतो की तुम्ही इकडे येऊ नये म्हणून आम्ही तुमचे घर जास्त पैसे देऊन विकत घेऊ. हॅन्सबेरीच्या स्वतःच्या कुटुंबाने अशा वस्तीत घर घेतले होते आणि ते प्रकरण १९४० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. म्हणजे ही कल्पनेतली गोष्ट नव्हती.

आता लिंडनरचा हा प्रवेश आणि पाठ्यपुस्तकातला तो धडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. शब्द जवळजवळ तेच आहेत. शेजारी प्रेमळ आहेत, वस्ती चांगली आहे, सगळे मिळून मिसळून राहतात. धड्यात हे शब्द वर्णन म्हणून येतात आणि नाटकात तेच शब्द दार बंद करण्यासाठी वापरले जातात. हॅन्सबेरीने जे उघड केले ते हे, की 'चांगला शेजार' या शब्दप्रयोगात कोणाला तरी बाहेर ठेवल्याचा उल्लेख गाळलेला असतो. पाठ्यपुस्तक तो गाळलेला भाग तसाच गाळून आपल्या मुलांना पाठ करायला देते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पुढे हे प्रत्यक्ष अनुभवाला आले. शहरात खोली शोधताना मध्यस्थाने त्याला इंग्रजीतच विचारले, 'व्हेअर आर यू फ्रॉम, एक्झॅक्टली?' त्याने गाव सांगितले. मग वस्ती विचारली, मग आडनाव. दुसऱ्या दिवशी खोली 'गेली' होती. परीक्षकाचा प्रश्न आणि मध्यस्थाचा प्रश्न एकाच वाक्याचा होता. एकाला उत्तरातले व्याकरण हवे होते आणि दुसऱ्याला जात. हा फरक कोणतेही संभाषणाचे पुस्तक शिकवीत नाही. प्रश्न कोण विचारतो आणि कशासाठी विचारतो, हे ओळखणे हा आपल्या मुलांच्या भाषाशिक्षणाचा पहिला भाग असायला हवा.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. लपवले तर बिघडले काय? ज्या प्रश्नाच्या उत्तरावर खोली मिळणार आहे, त्याला बागेचे उत्तर देणे हा मुलाचा बचाव आहे. खरे बोलण्याची सक्ती त्याच्यावर करणारे आपण कोण? आपली स्वतःची घरे पक्की झाल्यावर हे शौर्य सांगणे सोपे आहे. मी हा आक्षेप उडवून लावीत नाही. आडनाव बदलणाऱ्या, पत्ता बदलून सांगणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु बाबासाहेबांच्या एका छोट्या लेखनाकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आठवणींचे इंग्रजी लेखन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. ते कोणासाठी लिहिले आहे, हे ते आरंभीच स्पष्ट करतात. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे ठाऊक असते. पण ती त्याच्या दाराशी नसल्यामुळे गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे त्याला समजत नाही. म्हणून ते प्रसंग सांगतात. म्हणजे 'तुमचा शेजार कसा आहे?' या परक्याच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी इंग्रजीत दिलेले हे उत्तरच होय.

त्या प्रसंगांतले दोन आपल्या विषयाला फार जवळचे आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरतात. स्टेशनमास्तर चौकशी करतो आणि ती निरागसपणे आपली जात सांगून बसतात. त्याचा चेहराच पालटतो. पुढे रात्री तहानेने व्याकूळ होऊन ती जकात नाक्यावर जातात. या वेळी सल्ला मिळालेला असतो की मुसलमान आहोत असे सांगा. छोटा भीमराव उर्दूत बोलतो. पाणी मिळत नाही. दुसरा प्रसंग बडोद्याचा. १९१७ साली परदेशातून परतलेल्या या विद्वानाला राहायला जागा नाही. पारशी नाव लावून ते पारशांच्या पथिकाश्रमात उतरतात. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी येतात आणि बाहेर काढतात. मग एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघेही सभ्यपणे नकार देतात. लिंडनरची आठवण यावी, असा तो सभ्यपणा आहे.

एकदा भाषा बदलून पाहिली, एकदा नाव बदलून पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी जे केले ते त्या क्षणी जगण्यासाठी केले, आणि त्याबद्दल त्यांनी कोठेही लाज बाळगलेली नाही. परंतु पुढे लिहायला बसले तेव्हा ते इंग्रजीत तिसरा मुखवटा घालून बसले नाहीत. आपण मुखवटे घातले होते हेसुद्धा त्यांनी सांगितले, आणि ते घालायला कोणी लावले हेही सांगितले. वाक्ये छोटी आहेत, शब्द शाळकरी मुलाला कळतील असे आहेत. इंग्रजी त्यांना लपण्याची जागा म्हणून लागली नाही; साक्ष देण्यासाठी लागली.

म्हणून आक्षेपाला माझे उत्तर असे : खोलीच्या दारात काय सांगायचे ते मुलाने ठरवावे. तो त्याचा अधिकार आहे. पण वर्गात त्याला दोन्ही वाक्ये यायला हवीत. ज्याला फक्त बागेचे वाक्य येते, तो लपवत नसतो. त्याच्याजवळ दुसरे काही नसते. लपवण्यालासुद्धा आधी खरे शब्द जवळ असावे लागतात.

शिक्षकमित्रांना मी आता एवढेच सुचवितो की हा धडा फेकून देऊ नका, तो नव्याने शिकवा. 'देअर इज अ वेल' म्हटल्यावर ती विहीर कोणाची, तिथे कोण पाणी भरीत असे, हे विचारा. त्यासाठी 'यूज्ड टू' ही रचना शिकवावीच लागेल. 'आउटसाइड द व्हिलेज' हे शब्द फळ्यावर लिहा. कर्मणी प्रयोग शिकवताना 'वी वेअर नॉट अलाउड' हे वाक्य द्या आणि मग विचारा, कोणी मज्जाव केला? कर्ता शोधून वाक्य कर्तरी करायला सांगा. वर्तमानपत्री इंग्रजीत हा कर्ता फार वेळा गायब असतो. आपल्या मुलांना तो जागेवर आणता आला पाहिजे. आणि विहार, हातपंप, चौदा एप्रिलची मिरवणूक, रात्री विहारात अभ्यासाला बसणारी पोरे, हेही शिकवा. आपल्या वस्तीत केवळ दुःख आहे असे सांगणे हेही अर्धेच खरे आहे.

त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी तो तीनदा थांबला, काळ चुकला, एक क्रियापद गिळले. त्याने ओढ्यावर बांधून न झालेल्या पुलाविषयी सांगितले, आणि पावसाळ्यात त्याची आई बहिणीला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडत असे ते सांगितले. गुण द्यायचे तर पहिल्यापेक्षा कमी पडले असते. आम्ही ती वाक्ये वहीत उतरवली, चुका दुरुस्त केल्या, आणि त्याला ती पुन्हा म्हणायला लावली. चौथ्या वेळी तो न थांबता बोलला.