मोल्सवर्थचा कोश आणि यांत्रिक तपासणीची मर्यादा

जेम्स मोल्सवर्थ यांनी जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. सुमारे ६०,००० शब्दांचा हा कोश आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहातून संगणकावर शोधता येतो. अशा ग्रंथाचे पृष्ठ संगणकसंहितेत आणताना जी तपासणी होते तिचे खरे मोल काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय. ही टीका कोणा एका प्रकल्पावर नसून पद्धतीवर आहे.

या कामी सर्वत्र वापरली जाते ती एक्सएमएल ही चिन्हांकनपद्धती. ती १९९८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. तीत शब्द, लिंग, व्युत्पत्ती, अर्थ, उदाहरण हे नोंदीचे घटक आपापल्या नावाच्या खुणांमध्ये बंदिस्त होतात. कोणता घटक कोठे व किती वेळा यावा हे सांगणाऱ्या नियमावलीस स्कीमा म्हणतात. संहिता एका टप्प्यातून दुसऱ्यात जात राहते : टंकन, चिन्हांकन, स्कीमानुसार तपासणी, एक्सएसएलटीने रूपांतर, पुन्हा तपासणी आणि शेवटी शोधसूची किंवा शुद्धलेखन-तपासनीस. या साखळीलाच पाइपलाइन म्हणतात.

तपासणीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. न मिटलेली खूण, चुकीच्या जागी पडलेला अर्थ, सुटलेले लिंग हे दोष यंत्र क्षणात दाखविते. ६०,००० नोंदी एकट्या डोळ्याने तपासणे शक्य नाही. परंतु संहिता स्कीमाला धरून आहे एवढेच ही तपासणी सिद्ध करते. स्कीमा भाषेला धरून आहे की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

मोल्सवर्थच्या नोंदीचीच रचना पाहावी. अनेक अर्थांच्या नोंदीत पहिल्या अर्थाला आकडा नसतो. आकडे दुसऱ्यापासून लागतात. ‘प्रत्येक अर्थास क्रमांक हवा’ असा नियम आधीच ठरविला, तर पहिला अर्थ एकतर नाकारला जाईल, किंवा रूपांतर करणारा तो व्याकरणाच्या घटकात ढकलून मोकळा होईल. दुसरा मार्ग अधिक घातक, कारण त्यानंतर नोंद तपासणीत उत्तीर्ण होते. लिंगाचेही तसेच. ‘वेळ’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगीही आहे आणि पुल्लिंगीही : ‘ती वेळ’ म्हणजे नेमका क्षण, ‘तो वेळ’ म्हणजे कालावधी. एका नोंदीस एकच लिंग मानणाऱ्या स्कीमाने यांतील एक वापर गाळला, तर तो दोष कोणत्याही अहवालात उमटणार नाही.

याहून सूक्ष्म हानी अक्षराच्या पातळीवर होते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. हा भेद रफार आणि अर्धचंद्राकृती र यांच्यावर उभा आहे. युनिकोडमध्ये हा दुसरा र दोन प्रकारे लिहिलेला आढळतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त चिन्ह जोडून, किंवा साधा र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. अनावश्यक अदृश्य चिन्हे काढण्याच्या नावाखाली रूपांतराच्या एखाद्या टप्प्यावर ते जोडचिन्ह गळले, की आचारी आचार्य होतो. ‘ऱ’चे विघटन र आणि नुक्ता असे होत असल्यामुळे नुक्ते सरसकट पुसणारी पायरीही तोच अनर्थ करते. स्कीमा त्या जागी केवळ ‘मजकूर’ मागतो. मजकूर तर आहेच. म्हणून दोन्ही टोकांना तपासणी निर्दोष आणि मधल्या मधे भाषेतला एक भेद नाहीसा, असे घडू शकते.

छपाईच्या जगाला हा धडा नवा नव्हता. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्यासारख्या ठिकाणी खिळे जुळविणारा वेगळा आणि मुद्रिते वाचणारा वेगळा असे. वाचणाऱ्याला भाषा येणे हीच त्याची पात्रता. संगणकाच्या साखळीतून गळालेला दुवा हाच.

उपाय तिहेरी आहे. एक, नमुन्याच्या नोंदी वाचून मग स्कीमा घडवावा. स्कीमासाठी नोंदी घडवू नयेत. दोन, प्रत्येक रूपांतराच्या आधी व नंतर वर्णांची मोजणी व्हावी. ‘ऱ’ आणि जोडचिन्हाने साधलेला र यांची बेरीज दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. तशीच अर्थांची आणि लिंगांचीही. स्कीमाच्या पलीकडचे असे नियम लिहिण्यासाठी स्किमॅट्रॉनसारखी साधने आहेत. तीन, नाकारलेली नोंद यंत्राने परस्पर दुरुस्त न करता कारणासह वेगळी ठेवावी आणि मूळ पृष्ठाच्या प्रतिमेशेजारी ठेवून ती मराठी जाणणाऱ्याने वाचावी.

नाकारलेल्या नोंदी हा साखळीतील कचरा नव्हे. कोशकाराने भाषेचा अनियमितपणा जेथे प्रामाणिकपणे टिपला, बहुधा तेथेच यंत्र अडते. भाषाभ्यासकाचे काम तेथून सुरू होते.